गव्हाविना रांधप : नागपुरी स्वयंपाकघर आणि ग्लुटेनमुक्त आहार

ग्लुटेनमुक्त आहाराची ओळख बहुधा वर्ज्य पदार्थांच्या यादीने होते. पोळी नाही, पाव नाही, रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत, बिस्किटे नाहीत असे सांगितले जाते आणि रुग्णाला व त्याच्यासाठी रांधणाऱ्याला वाटते की आता जेवणात उरले ते केवळ औषधासारखे गिळायचे. पूर्व नागपुरातील नंदनवनसारख्या वस्तीत, जिथे घरोघरी दोन वेळच्या पोळ्या लाटल्या जातात, कोपऱ्यावर बेकरी असते आणि पिठाची चक्की चालत जाण्याच्या अंतरावर असते, तिथे ही यादी अधिकच कठोर वाटते. तथापि ज्या विदर्भात हे शहर वसले आहे त्याचे जुने अन्न ज्वारी, तांदूळ, तूर, हरभरा आणि जवस यांच्यावर उभे आहे, आणि गव्हाची पोळी रोजच्या ताटात सर्वत्र आली ती त्या मानाने अलीकडे. म्हणून गहू सोडावा लागलेल्या नागपुरी माणसाला नवे अन्न शोधण्याची गरज फारशी पडत नाही. त्याची खरी अडचण दोन ठिकाणी आहे : पीठ निर्भेळ मिळवणे, आणि भट्टीतल्या पदार्थांमध्ये गव्हाचे काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घेणे.

हे काम नेमके काय आहे ते आधी पाहिले पाहिजे. कणकेचा घट्ट गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली बराच वेळ चोळत राहिले तर त्यातील पिष्ट, म्हणजे स्टार्च, पांढऱ्या पाण्यासोबत वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट, करडा गोळा उरतो; हेच ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या येथील वैज्ञानिक याकोपो बेक्कारी यांनी १७२८ मध्ये हा प्रयोग मांडला आणि १७४५ मध्ये तो छापून प्रसिद्ध झाला. ग्लुटेन हे एकच द्रव्य नसून गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रथिनगटांचे पाण्यात व मळण्यात तयार होणारे जाळे आहे. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते आणि ग्लुटेनिनमुळे ती ताण सहन करून पुन्हा आकसते. या जाळ्याचे सामर्थ्य पाहायचे असेल तर नागपूर परिसरात उपड्या मडक्यावर भाजल्या जाणाऱ्या लांब पोळीकडे पाहावे. तिची कणीक सैल भिजवून, पुन्हा पुन्हा पाणी लावत, आपटून आपटून मळलेली असते आणि ती लाटण्याशिवाय, नुसत्या हातांवर झुलवत, कोपरापर्यंत ताणून पातळ केली जाते, तरी फाटत नाही. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठाला हे कितीही मळले तरी साधणार नाही, कारण त्यांच्यातील प्रथिने असे जाळे विणत नाहीत. गव्हाखेरीज सातू म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांतही ग्लायडिनच्या जातीची प्रथिने असतात, म्हणून ग्लुटेन वर्ज्य करताना ही तीनही धान्ये जातात. ओट्समधील प्रथिन वेगळे असून ते बहुतेक रुग्णांना चालते, पण बाजारातील साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत इतकी सहज होते की स्वतंत्रपणे ग्लुटेनमुक्त ठेवलेल्या ओट्सखेरीज इतर ओट्स घेऊ नयेत.

ज्यांच्यासाठी हा आहार औषधाच्या ठिकाणी आहे ते रुग्ण सीलिॲक रोगाचे. हा रोग पोटाच्या साध्या बिघाडाचा किंवा नेहमीच्या अर्थाने ॲलर्जीचा नाही. तो आत्मप्रतिकार रोग आहे, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा शरीराच्याच ऊतींवर उलटते. ग्लुटेनचे न पचलेले तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात पोचले की जन्मतः विशिष्ट जनुके असलेल्या काही माणसांत ही यंत्रणा जागी होते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. त्यातून जुलाब, पोट फुगणे, मुलांची खुंटलेली वाढ हे तर उद्भवतेच, पण पुष्कळदा पोटाची काहीच तक्रार नसताना केवळ गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय एवढेच लक्षण दिसते. रोगाचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले असले आणि उपाय आहारातच असेल हे त्यांनी ओळखले असले तरी दोषी धान्य कोणते हे कळायला आणखी अर्धशतक जावे लागले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९३० च्या दशकापासून गहूविरहित आहाराचे निरीक्षण चालवले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्या हलाखीतही सीलिॲक मुलांची प्रकृती बिघडण्याऐवजी सुधारल्याचे त्यांच्या लक्षात आले. १९५० च्या त्यांच्या प्रबंधाने गव्हाचा दोष सिद्ध केला. या रोगावर आजही आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच सिद्ध उपाय आहे.

भारतात हा रोग दुर्मिळ मानला जात असे, ती समजूत आता टिकत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३,००० हून अधिक प्रौढांच्या पाहणीत उत्तरेकडे दर हजारी ८.५३, ईशान्येकडे ४.६६ आणि दक्षिणेकडे ०.११ असे प्रमाण आढळले. रोगाला अनुकूल जनुके तिन्ही भागांत जवळजवळ सारखीच होती, मात्र गव्हाचा रोजचा सरासरी आहार उत्तरेत ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम होता. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. तरी जे घराणे दोन पिढ्यांत भाकरीवरून पोळीवर आले त्याने या आकड्यांकडे लक्ष द्यावे, कारण जनुकांत काहीही न बदलता केवळ ताट बदलल्याने सुप्त प्रवृत्ती उघड होऊ शकते. येथे एक इशारा अत्यंत आवश्यक आहे. निदानासाठी आधी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे तपासतात आणि नंतर बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहतात. या दोन्ही तपासण्या रुग्ण गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून महिनोन् महिने पोळी सोडून मग डॉक्टरांकडे जाणाऱ्याचे आतडे तोवर भरून येऊ लागलेले असते आणि रोग असूनही तो दिसत नाही. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम उलटू नये. गव्हाची ॲलर्जी असलेले आणि सीलिॲक नसूनही गव्हाने ज्यांना त्रास होतो असे लोक यांचा विचार डॉक्टर वेगळा करतात. ज्यांना यांपैकी काहीच नाही त्यांनी गहू सोडल्याने आरोग्य सुधारते असे मानायला आधार नाही.

खपली गव्हाविषयीची एक समजूतही येथेच दूर केली पाहिजे. खपली जुना आहे, पचायला हलका म्हणून ओळखला जातो, मधुमेहींना सुचवला जातो, आणि म्हणून तो सीलिॲक रुग्णाला चालेल असे पुष्कळदा सांगितले जाते. खपली आणि विदर्भातला बन्सी हे दोन्ही गहूच आहेत, दोहोंत ग्लुटेन आहे आणि दोन्ही सारखेच वर्ज्य आहेत. ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘ज्वारीचा’ असे नाव छापलेल्या पावातही बहुधा मुख्य घटक मैदा किंवा कणीकच असते. पाकिटावरील मोठी अक्षरे सोडून मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय या पथ्यात पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी लागते.

आता ताटाकडे वळावे. विदर्भात जिला भाकर म्हणतात ती ज्वारीची भाकर हा ग्लुटेनमुक्त पाककलेचा सर्वांत पूर्ण नमुना आहे, आणि तिच्या कृतीत पुढच्या सर्व बेकिंगचे शास्त्र दडलेले आहे. ज्वारीच्या पिठात जाळे विणणारे प्रथिन नसल्याने थंड पाण्याने त्याचा गोळा बांधला तरी थापताना कडा फाटतात. म्हणून पिठाला कढत पाणी लावतात किंवा आधणात थोडे पीठ टाकून उकड काढतात. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. या चिकटपणानेच पिठाचा गोळा एकसंध होतो. गोळा तळहाताच्या टाचेने रेटून मळला की पीठ सर्वत्र सारखे ओले होते, आणि मग ते लगेच थापावे लागते, कारण ठेवलेला गोळा पुन्हा भेगाळतो. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या बाजूला पाणी फिरवण्यामागेही कारण आहे : पृष्ठभाग ओला राहिल्याने तो आधीच वाळून तडकत नाही, आणि नंतर विस्तवावर धरल्यावर आतली वाफ दोन पापुद्र्यांच्या मध्ये कोंडून भाकर टम्म फुगते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, असे स्वयंपाक करणाऱ्या बायका सांगतात, म्हणजे बांधून धरण्याचा गुण कमी होतो. म्हणून ज्वारी थोडी थोडी दळून आणायची रीत आहे. ही सर्व जाण, म्हणजे कढत पाणी, योग्य ओलावा, ताजे पीठ आणि वेळेचे भान, पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधी थापणाऱ्या हातांत होती, आणि जिला भाकर थापता येते तिला ग्लुटेनमुक्त पाव शिकणे मैद्यावर हात बसलेल्या बेकरपेक्षा सोपे जावे, असे म्हणायला पुरेसे कारण आहे.

भाकरीभोवतीचे ताटही तितकेच निर्धोक आहे. झुणका, पाटवडीचा रस्सा, भातावर वाफवलेले हरभऱ्याच्या डाळीचे गोळे घालून वर फोडणीचे तेल ओतलेला गोळाभात, तूरडाळीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, यांतल्या एकाही पदार्थाला गव्हाची गरज नाही. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातून पुढे आलेल्या सावजी रश्श्याचा दाटपणा घरच्या कृतीत खोबरे, खसखस, धणे अशा वाटणातून येतो, तोही भाकरीसोबत मनसोक्त खाता येतो. पूर्व विदर्भ तर भाताचाच प्रदेश. भंडाऱ्याचा सुवासिक चिन्नोर आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून निवडून तयार केलेला एचएमटी तांदूळ इतवारीच्या बाजारात सहज मिळतात. तर्री पोहेसुद्धा मुळात पोहे, हरभरे आणि तिखट रस्सा एवढेच आहेत. यादी आणखी वाढवता येईल, पण तिची गरज नाही. सीलिॲक रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक करण्याऐवजी घराने आठवड्यातले अनेक दिवस हेच जेवण सर्वांसाठी रांधले तर रुग्णाचे ताट वेगळे दिसत नाही, आणि लहान मूल रुग्ण असेल तर या गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

एवढे सगळे असूनही पथ्य मोडते, आणि ते बहुधा पदार्थात नव्हे तर पिठात मोडते. भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसेल त्याच अन्नाला ग्लुटेनमुक्त म्हणता येते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकही हेच आहे. कणकेत ग्लुटेन ढोबळमानाने दहा टक्के धरले तर एक ग्रॅम कणकेत ते सुमारे १०० मिलिग्रॅम होते. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक, चिमटीत मावेल त्याहून कमी, मिसळली तरी मर्यादा ओलांडली जाते. रोज सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तर आतड्याला इजा होत राहते, असे रुग्णांवरील अभ्यासांत दिसले आहे. आता सार्वजनिक चक्कीचा विचार करावा. गव्हाचे दळण उतरल्यावर जात्यात, नळीत आणि पीठ झेलणाऱ्या डब्यात राहणारे पीठ पाव ग्रॅमच्या हिशेबात बसणारे नसते. पुढचे दळण ज्वारीचे असेल तर ते सर्व त्या ज्वारीत उतरते. ‘आधी थोडी ज्वारी टाकून चक्की साफ केली’ या उपायाने गव्हाचे पीठ कमी होते, नाहीसे होत नाही. तयार बेसन, तांदळाची पिठी, राजगिऱ्याचे पीठ यांनाही हेच लागू आहे. म्हणून या पथ्यातील सर्वांत उपयुक्त गुंतवणूक महागड्या परदेशी पिठात नसून घरघंटीत आहे. धान्य घरी आणावे, निवडावे, त्यातले गव्हाचे दाणे वेचावे, धुऊन कडकडीत वाळवावे आणि जिच्यात गहू कधीच दळला जाणार नाही अशा घरघंटीत दळावे. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी तांदूळ व डाळी भिजवून वाटून करायच्या पदार्थांकडे, म्हणजे धिरडी, इडली, वडे, आंबोळी यांच्याकडे अधिक वळावे, कारण अख्खा दाणा निवडता व धुता येतो, पीठ धुता येत नाही.

दुसरी फसगत हिंगाची. डबीतला नेहमीचा हिंग हा बांधानी हिंग असतो, म्हणजे अस्सल हिंगाच्या तीव्र डिंकात डिंकपूड आणि पीठ मिसळून तो सौम्य केलेला असतो, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. वरणापासून चटणीपर्यंत प्रत्येक फोडणीत हिंग पडणाऱ्या घरात हा एकच घटक सगळे ताट बिघडवतो. तांदळाच्या पिठात बांधलेला किंवा खड्याचा शुद्ध हिंग मिळतो, आणि खात्री नसेल तर फोडणी लसूण-जिऱ्यावर निभते. सोया सॉस, माल्ट घातलेली दुधात टाकायची पूड, काही बेकिंग पावडरी, दाटपणासाठी मैदा घातलेले तयार मसाले व सूप हे याच वर्गातले. पाकिटावर ग्लुटेनयुक्त धान्याची नोंद करणे उत्पादकांना बंधनकारक आहे. सुट्या मालावर मात्र अशी नोंद नसते. घरात पोळ्या होतच असतील तर ग्लुटेनमुक्त स्वयंपाकासाठी तवा, पोळपाट-लाटणे, लाकडी उलथणे, चाळणी आणि तळणीचे तेल वेगळे ठेवावे. लाकडाच्या फटींतून आणि चाळणीच्या जाळीतून पीठ निघत नाही; स्टीलचे भांडे मात्र नीट घासले की निर्धोक होते. भाकर आधी, पोळ्या नंतर, असा क्रम ठेवल्यास हवेत उडणाऱ्या कणकेचाही बंदोबस्त होतो.

गव्हाविना रांधण्याची एक मोठी परंपरा मराठी घरांत धर्माच्या निमित्ताने तयार झाली आहे. उपवासाला धान्य चालत नसल्याने साबुदाणा, भगर, राजगिरा आणि शिंगाडा यांतून थालीपीठ, पुरी, शिरा, लाडू, वडे हे सर्व करण्याची युक्ती पिढ्यान् पिढ्या विकसित झाली. उकडलेला बटाटा बांधणीला वापरणे, भिजलेल्या साबुदाण्याच्या पिष्टाने वडा एकत्र ठेवणे, राजगिऱ्याचे पीठ पुरीला वापरणे, या सर्व कृती ग्लुटेनची उणीव भरून काढणाऱ्याच आहेत. ज्यू लोकांतही पासओव्हरच्या सणात आंबवलेले धान्य वर्ज्य असल्याने बदामाच्या पुडीचे केक रूढ झाले. दोन्ही समाजांनी वैद्यकाने काही सांगण्याच्या कित्येक शतके आधी, निर्बंधातून एक रुचकर पाकपरंपरा घडवली. या परंपरेला पथ्याच्या नावाने दुय्यम लेखणे अन्यायाचे आहे.

भट्टीतल्या पदार्थांकडे येताना हे ध्यानात घ्यावे की सर्वांना ग्लुटेन सारखेच लागत नाही. बिस्किटाला ते जवळजवळ नकोच असते. नानखटाई खुसखुशीत व्हावी म्हणून मैदा तुपात चोळतात तो जाळे विणले जाऊ नये यासाठीच. त्यामुळे बेसन आणि तांदळाच्या पिठीची, तूप-साखर फेसून केलेली नानखटाई मैद्याच्या नानखटाईहून कोठेही कमी नसते, आणि सुरुवात तिच्यापासून करावी. केकमध्ये हवा धरण्याचे काम बरेचसे अंडी आणि फेसलेले लोणी करतात, म्हणून तेथेही अडचण मध्यम असते. ज्वारी व तांदळाचे बारीक पीठ दोन भाग आणि साबुदाण्याचे किंवा मक्याचे पिष्ट एक भाग असे मिश्रण बहुतेक केकना पुरते. तयार घोळ ओव्हनमध्ये घालण्याआधी वीस-तीस मिनिटे झाकून ठेवावा, म्हणजे पिठाचे कण पाणी पितात आणि केक दाताखाली रवाळ लागत नाही. अंडे न खाणाऱ्या घरात एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घालतात. जवसाचा हा बुळबुळीतपणा बांधणीला उत्तम असून जवस हे तर विदर्भाचेच पीक आहे.

नागपुरात करून पाहावा असा केक मात्र संत्र्याचाच. कैरोत जन्मलेल्या लेखिका क्लॉडिया रोडेन यांनी १९६८ च्या आपल्या मध्यपूर्वेच्या पाकग्रंथातून जगभर पोचवलेल्या, स्पेनमधून विखुरलेल्या ज्यू घराण्यांच्या या केकमध्ये पीठ अजिबात नसते. दोन अख्खी संत्री सालीसकट मऊ होईपर्यंत उकळायची, बिया काढून वाटायची, आणि सहा अंडी, पाव किलो बदामाची पूड, पाव किलो साखर व चमचाभर बेकिंग पावडर यांत मिसळून मध्यम आचेवर तासभर भाजायचे, एवढीच कृती. मूळ कृतीतील संत्री जाड, चिकटलेल्या सालीची. नागपुरी संत्र्याची साल सैल व पातळ असल्याने ती लवकर शिजते, आणि उकळीचे पहिले पाणी टाकून दिल्यास कडवटपणा आटोक्यात राहतो. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ आंबिया बहारात दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहारात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते, तेव्हा वर्षातून दोनदा हा केक ताज्या फळाचा होऊ शकतो. ओलसर, सुगंधी आणि दुसऱ्या दिवशी अधिक चवदार असा हा केक गव्हाच्या केकची नक्कल करत नाही.

पाव हा खरा कठीण प्रांत. यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवायला ग्लुटेन नसेल तर दुसरी जाळी हवी, आणि ती भारतीय घरात औषधाच्या कपाटात असते. गुजरातेत ऊंझा-सिद्धपूर पट्ट्यात ज्याचा मोठा व्यापार चालतो त्या इसबगोलाचे भुसे पाण्यात घट्ट, लवचीक जेली बनवते. शंभर ग्रॅम पीठमिश्रणाला पाच-सहा ग्रॅम भुसे घातले तर गोळा हाताळता येतो आणि वायू अडतो. पाणी मात्र खूप लागते : मैद्याच्या पावाला शंभर ग्रॅमला ६० ते ६५ ग्रॅम पाणी पुरते, येथे ९० ते ११० ग्रॅम घालावे लागते, आणि नवखा माणूस गोळा सैल वाटतो म्हणून पीठ वाढवतो तेथेच पाव दगड होतो. मळण्याची गरज नाही, फक्त नीट कालवावे; दोनदा फुगवू नये, एकदाच साच्यात फुगवावे. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे, कारण दुपारी पीठ झपाट्याने फुगून खाली बसते. भाजल्यावर पाव पूर्ण थंड होईपर्यंत कापू नये. गरम पिष्ट अजून आळलेले नसते आणि सुरीला चिकटते. हा पाव लवकर शिळाही होतो, म्हणून त्याच दिवशी काप करून फ्रीजरमध्ये ठेवावे आणि लागतील तसे तव्यावर शेकावे. इडलीचे पीठ ग्लुटेनविना कसे फुगते याचा शोध म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात घेतला गेला, आणि उडदातील प्रथिने व अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची चिकट बहुशर्करा मिळून हवा धरतात असे आढळले. पीठमिश्रणात वाटलेली उडदाची डाळ थोडी घालून पाहण्यासारखी आहे ती यामुळेच. ब्राझीलमध्ये कसाव्याच्या पिष्टावर, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याच्याच पिष्टावर, उकळते दूध व तेल ओतून, त्यात चीज आणि अंडी मिसळून लहान गोल पाव भाजतात. पिष्टावर उकळते द्रव ओतणे ही आपली उकडच आहे, आणि यीस्टविना होणारा हा पाव शिकाऊ हातालाही साधतो.

सणांचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. अनारसे, बेसनाचे लाडू, चिवडा, भाजणीची चकली आणि शेव हे दिवाळीचे बहुतेक फराळ मुळातच गव्हाविना होतात, भाजणी स्वच्छ दळलेली असली म्हणजे झाले. शंकरपाळे आणि करंजी उरतात. करंजी तांदळाच्या उकडीची, वाफवलेली करता येते. पुरणात गहू नसतोच, त्याची पोळी लाटता आली नाही तरी तेच पुरण उकडीच्या पारीत भरता येते. लाटलेल्या पुरणपोळीची लवचीक, पारदर्शक पातळाई मात्र ग्लुटेनविना येत नाही, आणि ती येते असे सांगणाऱ्या कृतींवर वेळ घालवू नये. जेथे गव्हाचा गुण अनन्य आहे तेथे तो मान्य करून दुसरा पदार्थ रांधणे हेच चवीच्या दृष्टीने हिताचे.

पोषणाचीही एक बाजू आहे. बाजारातील ग्लुटेनमुक्त बिस्किटे व केक बहुधा शुद्ध पिष्ट, साखर आणि स्निग्ध पदार्थ यांवर उभे असतात. त्यांत तंतू थोडे आणि लोह कमी. निदानाच्या वेळी सीलिॲक रुग्णाच्या शरीरात लोह, फोलेट, कॅल्शियम यांची तूट पुष्कळदा असतेच, म्हणून त्याचे रोजचे अन्न ज्वारी, डाळी, पालेभाज्या, तीळ, दूध-दही यांचे असावे आणि बेक केलेले पदार्थ आनंदासाठी असावेत. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. भाकर आणि झुणका यांची जोडी पोषणदृष्ट्याही चोख आहे.

म्हणून नव्याने निदान झालेल्या रुग्णाच्या घरच्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : पहिल्या महिन्यात मैद्याचा पर्याय शोधत बसू नये. आधी ज्वारी आणि हरभरा स्वच्छ दळण्याची सोय करावी, हिंगाची डबी बदलावी, एक तवा आणि एक चाळणी वेगळी ठेवावी आणि भाकरीवर हात बसवावा; नानखटाई दुसऱ्या महिन्यात, केक त्यानंतर, आणि पावाला सर्वांत शेवटी हात घालावा.